जिथे जिथे गाडी बंद पडली

आमच्या शहराला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा, पाणचक्की, भडकल दरवाजा अशा क्रमाने शहर दाखवण्याची इथली रीत आहे. आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, आमच्या लहानपणी ते औरंगाबाद होते. पण आम्हा भावंडांना हे शहर वेगळ्याच क्रमाने पाठ झाले. घरातल्या जुन्या गाड्या जिथे जिथे बंद पडल्या, तिथे तिथे आम्ही उतरलो, धक्का मारला, कोणाच्या ओट्यावर बसून पाणी प्यालो, आणि तो चौक कायमचा लक्षात राहिला. शहागंजचा घड्याळ टॉवर आम्हाला हॉर्नमुळे आठवतो, महमूद दरवाजा पावसामुळे आणि दौलताबादचा घाट धुरामुळे.

गेल्या हिवाळ्यात त्या गाड्यांपैकी शेवटची आमच्या दारातून गेली. म्हणून या आठवणी लिहून ठेवत आहोत.

पहिली गाडी दादांची. अ‍ॅम्बेसेडर, मार्क टू, दुधाळ रंगाची, दुसऱ्या हाताने घेतलेली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनत असे आणि थेट 2014 पर्यंत बनत राहिली. इंजिन 1489 सीसीचे, मागची सीट एवढी लांब की आम्ही पाच मुले आणि दादी आरामात बसत असू. डिपरचे बटण स्टेअरिंगजवळ नव्हते, पायाखाली होते. समोरून गाडी आली की दादा डाव्या पायाने ते दाबत. सकाळी बॅटरी थंड पडली असेल तर पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचे. हँडल उलटा झटका देते, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे दादांनी आम्हाला गाडीचा दरवाजा नीट लावायच्याही आधी शिकवले.

या गाडीला एक खोड होती. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवले की हॉर्न आपोआप वाजे. हॉर्नची वायर स्टेअरिंगच्या नळीतून खाली जाते. तिच्यावरचे रबर झिजून तार नळीला टेकत होती. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. एकच तार येते आणि करंट गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत जातो. त्यालाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. हॉर्नचे बटण दाबणे म्हणजे तार लोखंडाला टेकवणे, एवढेच. तार स्वतःहून टेकली तर हॉर्नला ते कसे कळणार?

एका जुम्याला दादांनी शहागंजच्या मशिदीजवळ गाडी वळवून लावली आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. आत खुतबा चालू होता. दादा घामाघूम झाले. मशिदीच्या पायरीवरचा चपला सांभाळणारा मुलगा धावत आला, त्याने बॉनेट उघडायला लावले आणि बॅटरीची एक तार खेचून काढली. एकदम शांतता झाली. नमाज झाल्यावर दादा बाहेर आले तेव्हा लोक हसत होते. दादांनी सगळ्यांची माफी मागितली आणि त्या मुलाला म्हणाले, "बेटा, आज तू मला दोन गोष्टी दिल्यास. एक इज्जत, दुसरी अक्कल." त्या दिवसापासून काहीही बिघडले तरी आधी बॅटरीची तार काढायची, हा आमच्या घरातला पहिला कायदा झाला. पुढे त्याच कायद्याने आमचा जीव वाचवला.

दुसरी गाडी अब्बांची. 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. इटलीची फियाट 1100 मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे, पुढे 1970 च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तेव्हा गाडी दुकानात जाऊन उचलायची वस्तू नव्हती. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे नंबरची वाट पाहायची. अब्बांनी नोंदणी केली तेव्हा आपाचे लग्न ठरायचे होते. गाडी आली तेव्हा आपा माहेरपणाला आली होती. निळा रंग, 1089 सीसीचे इंजिन, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला आणि पुढच्या काचेच्या कडेला ती छोटी तिकोनी खिडकी. ती उघडली की मे महिन्यातही तोंडावर वारा येई.

पद्मिनीच्या खोड्या अ‍ॅम्बेसेडरपेक्षा नाजूक होत्या. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद उजळे. पावसात दिवे लावले आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की वायपर झोपेत असल्यासारखे सरकत, कारण इंजिन हळू फिरले की चार्जिंग कमी पडे. अब्बा न्यूट्रलमध्ये हलकेच अ‍ॅक्सिलरेटर देत आणि वायपर जागे होत. उन्हाळ्यात जालना रोडवर तासभर चालली की इंजिन अचानक थंडगार गप्प, वीस मिनिटे सावलीत थांबले की जणू काही झालेच नाही. ते कंडेन्सरचे दुखणे होते. तापला की काम सोडायचा, निवला की परत रुजू.

पावसाळ्याची खोड मात्र सगळ्यांत वाईट. प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर ओला झाला की ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही, ओलाव्यातून वाटेतच पळते. एका जुलैत रात्री दादीचा श्वास लागला. घाटी दवाखान्याकडे निघालो. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून खाम नदीच्या पुलावर आलो आणि गाडी बंद. वरून धो धो पाऊस. अम्मी दादीला टेकू देऊन बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. अब्बांनी छत्री भाईजानच्या हातात दिली, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले, खिशातला नमाजचा पांढरा रुमाल काढून आतून बाहेरून पुसले आणि झाकण लावले. तेवढ्यात दरवाजाच्या कमानीखाली पावसाला थांबलेले चारपाच जण न बोलावता आले. त्यातले एक काका आमच्या अब्बांना "सर, तुम्ही आत बसा, आम्ही ढकलतो" म्हणाले. त्यांची मुलगी अब्बांच्या शाळेत होती, हे नंतर कळले. पुलाच्या उतारावर गाडीने एक उचकी दिली आणि सुरू झाली. दादी त्या रात्री वाचली आणि पुढे सहा वर्षे जगली. तो रुमाल काळा झाला तो झालाच. अम्मींनी फेकू दिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात अब्बा आम्हाला मुद्दाम पाणचक्कीवर घेऊन गेले. हौदाकाठी बसवून म्हणाले, "हे पाणी कुठून येतं?" डोंगरातल्या झऱ्यातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून. 1744 च्या सुमारास बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात ही चक्की बसवली गेली. त्याच्याही आधी मलिक अंबरने शहरासाठी नहर खोदली होती, खडकी गावाचे नगर केले ते त्यानेच. वाटेत ठिकठिकाणी उभे मनोरे आहेत, तिथे पाणी वर चढून पुन्हा खाली उतरते आणि नळातली हवा निघून जाते. अब्बा म्हणाले, "गाडीची वायरिंग म्हणजे हीच नहर. बॅटरी हा झरा. एखादा जोड फुटला तर पाणी जिथे जायचं तिथे जात नाही, आणि जिथे जायला नको तिथे जातं. मिस्त्री आधी नळ बदलत नाही, आधी जोड पाहतो." पुढे आमच्यापैकी कोणी इंजिनिअर झाले, कोणी शिक्षिका, पण विजेचा पहिला धडा आम्ही वाचला तो त्या हौदाकाठी.

आता घाटाची गोष्ट. ती सांगायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

1991 साल. खुलताबादेत उरुसाचे दिवस होते, आणि तिथे राहणाऱ्या आमच्या फूफीकडे सगळ्यांचे जेवण. पद्मिनीचा साइड लाइटचा फ्यूज महिनाभर सारखा उडत होता. अब्बा नवा घालत, दोन दिवसांनी तो उडे. त्या दिवशी दुपारी पुन्हा उडाला. अब्बा शाळेत होते, घरात नवा फ्यूज नव्हता आणि सगळे कपडे घालून तयार. भाईजान तेव्हा सतरा वर्षांचे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे कोणीतरी त्यांना सांगितले की सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळ, आयुष्यात उडणार नाही. त्यांनी तसे केले. दिवे लागले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अब्बांना सांगायचे राहून गेले. खरे सांगायचे तर, राहून गेले नाही. आम्ही ठरवून सांगितले नाही, कारण अब्बा निघायला उशीर करतील अशी भीती होती.

जाताना उजेड होता. छावणी, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, मग दौलताबादचा किल्ला आणि रस्त्याकडेच्या सीताफळांच्या टोपल्या. परतताना रात्र झाली. गाडीत अब्बा, अम्मी, दादी, आपा, तिचे आठ महिन्यांचे बाळ आणि आम्ही तिघे. घाटातल्या जुन्या दिल्ली दरवाजातून एका वेळी एकच मोठे वाहन जाते. उरुसाची गर्दी असल्याने रांग लागली होती. दिवे लावून आम्ही उभे होतो. आधी वास आला, रबर जळल्याचा. मग डॅशबोर्डच्या खालून पांढरा धूर. आपाने बाळाला छातीशी धरले आणि किंचाळली.

अब्बा "उतरा" एवढेच म्हणाले. दादीला आम्ही अक्षरशः ओढून काढले. अब्बांनी बॉनेट उघडले आणि उघड्या हाताने बॅटरीची तार खेचली. त्या तारेचा नट ढिला होता. तो आवळून घ्यायचा म्हणून अम्मी आठवडाभर अब्बांच्या मागे लागल्या होत्या. घट्ट असता तर पाना शोधण्यात वेळ गेला असता आणि त्या गाडीचे, कदाचित आमचेही, काय झाले असते ते अल्लाहलाच ठाऊक. धूर थांबला. अब्बांच्या तळव्यावर जळाल्याचा पट्टा उमटला, तो शेवटपर्यंत होता.

टॉर्चच्या उजेडात अब्बांनी फ्यूजचे झाकण काढले. चांदी चमकली. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले. भाईजान पुढे आले आणि म्हणाले, "अब्बा, मी घातली." आमच्यापैकी कोणीही "आम्हालाही माहीत होतं" असे म्हटले नाही. हे आजही सलते.

अब्बा रागावले नाहीत. त्यांनी जळालेली वायर कापली, टोकाला टेप लावला, बॅटरी जोडली. इंजिन सुरू झाले, पण एकही दिवा नव्हता. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून सगळे पाहत होता. तो म्हणाला, "मास्तर, मी मागून लाइट मारतो, तुम्ही माझ्या उजेडात चला." पडेगावपर्यंत तो माणूस वीसच्या वेगाने आमच्या मागे आला. त्याच्या मागची वाहने हॉर्न वाजवत होती, तरी त्याने आम्हाला ओलांडले नाही. त्याचे नाव विचारायचे राहिले. अम्मी त्याच्यासाठी अजून दुआ करतात.

दुसऱ्या दिवशी जिन्सीच्या मिस्त्री चाचांनी वायरिंग उघडले. पत्र्याच्या ज्या भोकातून वायर इंजिनकडून आत येते, तिथला रबरी वायसर गळून पडला होता. पत्र्याची धार वायरला महिनाभर कापत होती. फ्यूज दर दोन दिवसांनी उडत होता तो त्यामुळेच. चाचा म्हणाले, "बेटा, फ्यूज गाडीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू. तो मरतो म्हणून बाकी घर वाचतं. तो ओरडून सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बांधलंत." एका रुपयाच्या रबराने ते भोक बुजले आणि त्यानंतर तो फ्यूज कधी उडाला नाही.

1997 मध्ये मारुती 800 आली. दिल्लीजवळच्या गुडगावला 1983 च्या डिसेंबरात पहिली 800 तयार झाली होती; आमच्यासारख्या घरांत ती पोहोचायला थोडा वेळ लागला. 796 सीसीचे एवढेसे इंजिन, पण सकाळी चावी फिरवली की चालू. शहरही बदलत होते. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून होताच, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. दरवाजांचे शहर मोटारींचे शहर झाले. मारुती कुठे बंद पडली नाही, म्हणून तिच्या फारशा गोष्टी नाहीत. आमच्या मुलांना पैठण गेट म्हणजे ईदची खरेदी एवढेच माहीत आहे. तिथे त्यांनी कधी धक्का मारलेला नाही.

पद्मिनी अब्बांनी विकली नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. अब्बा दर वेळी नव्या वराला सजवावे तसे तिला सजवून नेत. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, ती बातमी त्यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली. त्याच्या पुढच्या रमजानच्या आधी अब्बा गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

गाडी ठेवायला जागा नव्हती आणि चालवणारे हात नव्हते. बीडचा एक तरुण, जुन्या गाड्या दुरुस्त करून जपणारा, पाहायला आला. त्याने बाहेरून पाहिली, एक चक्कर मारली आणि चांगली किंमत सांगितली. दिवसा, कोरड्या हवेत, थंड इंजिनावर पद्मिनी नवरीसारखी चालते. आमच्यात चर्चा झाली. एक म्हणाला, जुनी गाडी घेणाऱ्याला खोड्या माहीतच असतात, आपण कशाला सांगायच्या? कोणी म्हणाले, त्याने विचारले तर सांगू.

तेव्हा अम्मी आतून एक वही घेऊन आल्या. शाळेची, खाकी पुठ्ठ्याची. अब्बांनी तीत 1984 पासून पद्मिनीची प्रत्येक खोड लिहिली होती. तारीख, ठिकाण, कारण, उपाय. "ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर, मागच्या दिव्याचा अर्थ गंजला आहे." "कंडेन्सर बदलला तरी तिसरा नेहमी गाडीत ठेवावा." अम्मी म्हणाल्या, "हे गाडीबरोबर द्यायचं. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा ज्यांनी दाखवला, त्या नबींची (स.) आपण उम्मत. ओला दाणा खाली लपवून विकलेली गाडी तुमच्या अब्बांना कब्रीत चैन पडू देईल का?"

वही देण्याआधी आम्ही चाळली. 1991 च्या पानावर घाटाची तारीख होती. खाली अब्बांच्या अक्षरात: "फ्यूज महिनाभर उडत होता. मी फक्त बदलत राहिलो, कारण शोधले नाही. चूक माझी. मुलांना बोलू नये." भाईजान आज पन्नाशीचे आहेत. ते पान वाचून ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्यांच्या मागून आम्हीही गेलो आणि तेहतीस वर्षांपूर्वी घाटात न बोललेले वाक्य बोललो, की आम्हालाही माहीत होते. ते म्हणाले, "ठाऊक आहे रे. अब्बांनाही ठाऊक होतं. टाळ्यांचा आवाज शेजारच्या चाचींनी ऐकला होता."

त्या तरुणाने वही उभ्या उभ्या वाचली आणि किंमत सात हजारांनी कमी केली. आम्ही हो म्हटले. मग म्हणाला, "पैसे वायरिंगसाठी कमी केले. पण ही वही मला गाडीपेक्षा महाग आहे." ते 1991 चे पान मात्र आम्ही त्याच्याकडून मागून घेतले.

वाचकांच्या घरात जुनी गाडी असेल तर एवढेच सांगू: फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो बदलून गप्प बसू नका, कारण शोधून घ्या. त्याच्या जागी चांदी, तार, खिळा काहीही घालू नका. ठरलेल्या अँपिअरपेक्षा मोठा फ्यूजही नको. बॅटरीची तार कशी काढायची हे घरातल्या प्रत्येकाला, बायकांना आणि मोठ्या मुलांनाही, दाखवून ठेवा. आणि मुलांनी काही लपवले असेल तर त्यांना सांगायला जागा द्या.

गाडी गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती. आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. कोपऱ्यावर त्या तरुणाने ब्रेक दाबला आणि डावा इंडिकेटर मंद उजळला. अम्मी म्हणाल्या, "त्याला सांगितलंय ना?"

"सांगितलंय," आम्ही म्हणालो.